३१० मतं : नगरसेवकाला परत बोलावताना नेमकं काय होतं?

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग जरा वेगळा आहे. एरवी आपण इथे कोड, नोकऱ्या, इंटरव्ह्यू असलं काहीतरी बोलतो. आज मला नगरसेवकांबद्दल बोलायचंय. म्हणजे आपणच निवडून दिलेल्या माणसाला पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत घरी पाठवायचं असेल, तर काय करावं लागतं? इंग्रजीत ह्याला रिकॉल म्हणतात. आपल्याकडे 'परत बोलावण्याचा अधिकार' हा शब्द वापरतात. २०११ मध्ये अण्णा हजारे ह्यांनी ही मागणी केली तेव्हा मी शाळेत होते, आणि मला ती एकदम पटली होती. काम करत नाही ना? मग काढा. इतकं सोपं.

ते इतकं सोपं नाही, हे मला एका शहराच्या गोष्टीतून कळलं. शहर आहे सिएटल, अमेरिकेच्या वायव्य टोकाचं. साल २०२१. तिथे एका नगरसेविकेला परत बोलावण्यासाठी मतदान झालं. तिला काढा म्हणणारे २०,३४६. ठेवा म्हणणारे २०,६५६. फरक ३१० मतांचा. आमच्या सोसायटीत ह्यापेक्षा जास्त फ्लॅट आहेत!

आणि ती नगरसेविका पुण्यात जन्मलेली. क्षमा सावंत.

कोण ही क्षमा सावंत?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जन्म पुण्याचा, वाढल्या मुंबईत. मुंबई विद्यापीठातून कॉम्प्युटर सायन्स केलं, अमेरिकेत गेल्या, सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम केलं. म्हणजे इथवर आपल्या ऐकणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांचा बायोडेटा. पण पुढे त्यांनी ते सगळं सोडून अर्थशास्त्रात पीएचडी केली, सिएटलला आल्या, डाव्या चळवळीत शिरल्या आणि २०१३ मध्ये चार वेळा निवडून आलेल्या नगरसेवकाला हरवून सिटी कौन्सिलमध्ये पोचल्या. उघडपणे स्वतःला समाजवादी म्हणवून घेऊन. अमेरिकेत हे म्हणणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

२०१४ मध्ये सिएटलने ताशी १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा केला, त्यात त्यांच्या आंदोलनाचा मोठा वाटा होता. मोठ्या कंपन्यांवर शहराने कर लावावा म्हणून त्यांनी मोहीम चालवली, आणि तिचं नावच 'टॅक्स ॲमेझॉन' ठेवलं. ॲमेझॉनचं मुख्यालय त्याच शहरात आहे. २०१९ च्या महापालिका निवडणुकीत ॲमेझॉनने उद्योजकांच्या राजकीय निधीला जवळपास १५ लाख डॉलर दिले होते. तरी सावंत निवडून आल्या.

मी त्यांची चाहती म्हणून हे सांगत नाहीये, आणि विरोधक म्हणूनही नाही. त्यांच्यावर टीका करणारे नुसते धनिक होते असंही नाही. सहकाऱ्यांशी पटवून घेत नाहीत, मतदारसंघातल्या रोजच्या तक्रारींपेक्षा चळवळीकडे जास्त लक्ष देतात, असं म्हणणारे साधे रहिवासीही होते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिलं दार : कारण

आता प्रक्रिया बघू. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे, तिथल्या राज्यघटनेत हा अधिकार १९१२ पासून आहे. पण तिथे 'मला हा माणूस आवडत नाही' एवढ्यावर रिकॉल करता येत नाही. पदावर असताना गैरकृत्य केलं, किंवा शपथेचा भंग केला, असा ठोस आरोप लेखी द्यावा लागतो. मग तो आरोप न्यायाधीशासमोर जातो.

इथे एक गंमत आहे, नीट ऐका. न्यायाधीश आरोप खरा की खोटा हे ठरवत नाहीत. ते एवढंच बघतात की हा आरोप खरा धरला, तर तो माणसाला पदावरून काढण्याइतका गंभीर आहे का, आणि त्याला काही ठोस आधार दिलाय का. खरं-खोटं मतदारांनी ठरवायचं. पदाधिकाऱ्याने आपल्या अधिकारात एखादा निर्णय घेतला आणि तो लोकांना पटला नाही, एवढं कारण सहसा पुरत नाही. त्यासाठी पुढची निवडणूक आहे.

सावंत ह्यांच्याविरुद्धचा अर्ज ऑगस्ट २०२० मध्ये आला. तो उन्हाळा आठवा. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिकाभर निदर्शनं चालली होती, आणि सिएटलमध्ये कॅपिटॉल हिल हा भाग त्याचं केंद्र होता. तो सावंत ह्यांच्याच मतदारसंघात येतो.

आरोप राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने तीन आरोप पुढे जाऊ दिले. एक, 'टॅक्स ॲमेझॉन' मोहिमेसाठी महापालिकेची साधनं आणि पैसा वापरला. दोन, जून २०२० मध्ये कोविडमुळे सिटी हॉल बंद असताना रात्री शेकडो आंदोलकांना आत घेतलं. तीन, महापौर जेनी डर्कन ह्यांच्या घरावर मोर्चा नेला. डर्कन आधी सरकारी वकील होत्या, त्यामुळे त्यांचा पत्ता कायद्याने गुप्त ठेवलेला होता. चौथा आरोप असा होता की कार्यालयातल्या नेमणुका त्या स्वतः न करता त्यांचा पक्ष करतो. तो न्यायालयाने बाद केला.

सावंत ह्यांचं म्हणणं असं की सिटी हॉलमधली सभा शांततेत झाली, मोर्चा त्यांनी आयोजित केलेला नव्हता, आणि पत्ता त्यांनी उघड केला नाही. पहिल्या आरोपाबाबत मात्र मे २०२१ मध्ये त्यांनी शहराच्या आचारसंहिता आयोगाशी समझोता केला, नियमभंग मान्य केला आणि साडेतीन हजार डॉलरच्या थोडा वर दंड भरला.

आता ह्याच गोष्टीची दुसरी बाजू. त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात महापौर डर्कन ह्यांच्याविरुद्धही रिकॉलचा अर्ज झाला होता. पोलिसांनी निदर्शकांवर अश्रुधुराचा मारा केला, महापौरांनी तो थांबवला नाही, असा आरोप. खालच्या कोर्टाने तो पुढे जाऊ दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, तोही एकमताने. सह्या गोळा करायची वेळच आली नाही.

म्हणजे दार एकच, आणि त्यातून एकीला बाहेर ठेवलं, दुसरीला आत घेतलं. सावंत ह्यांचे समर्थक म्हणाले, हा उघड पक्षपात आहे. कायद्याचे जाणकार म्हणतील, एकीकडे धोरणाचा प्रश्न होता, दुसरीकडे स्वतःच्या कृतीचा. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, मला एवढंच दाखवायचंय की 'कारण हवं' असं कायद्यात लिहिलं की ते कारण तपासणारं कोणीतरी लागतं, आणि मग त्या तपासणाऱ्यावरही लोक संशय घेतात. तरीही कारण नको म्हणावं का? ह्याचं उत्तर शेवटी देते.

दुसरं दार : सह्या आणि तारीख

कोर्टातून सुटलात की सह्या. सिएटलच्या नगरसेवकासाठी नियम असा की त्या जागेच्या मागच्या निवडणुकीत जितकी मतं पडली, त्याच्या २५ टक्के सह्या, १८० दिवसांत. सावंत ह्यांच्या मतदारसंघात २०१९ मध्ये ४२ हजारांच्या वर मतं पडली होती, म्हणजे सुमारे १०,७०० सह्या हव्या होत्या. प्रत्येक सही मतदारयादीशी पडताळून घेतात. ऑनलाइन पिटिशनवर क्लिक करून भागत नाही.

आता इथे जे झालं ते मला फार शिकवून गेलं. २ नोव्हेंबर २०२१ ला सिएटलची नेहमीची निवडणूक होती, महापौर वगैरे. सह्या उन्हाळ्यात वेळेवर दिल्या असत्या तर रिकॉलचं मतदान त्याच दिवशी झालं असतं. त्या दिवशी लोक तसंही मतदान करणारच होते. पण सह्या उशिरा गेल्या असत्या तर वेगळी, एकट्या ह्याच प्रश्नाची निवडणूक लागणार. थंडीत, डिसेंबरमध्ये. अशा निवडणुकीला सहसा कोण येतं? ज्यांना घर आहे, वेळ आहे, राग आहे ते. भाड्याने राहणारी, दोन नोकऱ्या करणारी तरुण मंडळी कमी येतात. आणि सावंत ह्यांची मतं तर तीच.

मग सावंत ह्यांच्या बाजूने काय केलं असेल? त्यांनी स्वतःच्याच विरोधातल्या पिटिशनवर सह्या गोळा करायला सुरुवात केली! जुलैमध्ये खुद्द क्षमा सावंत ह्यांनी स्वतःला परत बोलावण्याच्या अर्जावर सही केली. हेतू हा की संख्या लवकर पुरी व्हावी आणि मतदान नोव्हेंबरमध्येच व्हावं.

ते जमलं नाही. रिकॉलवाल्यांनी सह्या सप्टेंबरमध्ये जमा केल्या, आणि मतदान ठरलं ७ डिसेंबरला.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. नंतर विचार केला की हे हसण्यासारखं नाहीये. प्रश्न तोच, उमेदवार तीच, मतदार तेच. फक्त तारीख बदलली की निकाल बदलू शकतो, हे दोन्ही बाजूंना पक्कं माहीत होतं. आणि तारीख कोणाच्या हातात होती? सह्या जमा करणाऱ्यांच्या.

तिसरं दार : मतमोजणी

तेव्हा मी सिएटलच्या टीमबरोबर काम करायचे, पुण्यात बसून. संध्याकाळी उशिराचे कॉल, तुम्हाला माहीतच आहे. टीममधला एक जण कॅपिटॉल हिलला राहायचा. त्याला सावंत फारशा आवडायच्या नाहीत. म्हणायचा, गेल्या निवडणुकीत मी त्यांना मत दिलं नव्हतं. मी विचारलं, मग ह्या वेळी काढा म्हणशील ना? तो म्हणाला, नाही. दोन वर्षांनी निवडणूक आहेच, तेव्हा पुन्हा विरोधात मत देईन. पण आत्ता काढण्यासारखं त्यांनी काही केलंय असं मला वाटत नाही.

मला हे वेगळं वाटलं. 'मला नको' आणि 'काढायलाच हवं' ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याने डोक्यात नीट ठेवलं होतं. असे मतदार किती होते कोणास ठाऊक, पण ३१० च्या फरकात असा एकेक माणूस महत्त्वाचा.

वॉशिंग्टनमध्ये मतदान टपालाने होतं. मतपत्रिका घरी येते, भरून टपालात टाकायची किंवा ठरलेल्या पेटीत. मतदानाच्या दिवसापर्यंतचा शिक्का असेल तर नंतर पोचलेलंही मत धरतात. त्यामुळे मोजणी बरेच दिवस चालते. ७ डिसेंबर, मंगळवार, रात्री आठनंतर तिथे पहिले आकडे आले. आपल्याकडे बुधवारची सकाळ. काढा म्हणणारे ५३ टक्के, ठेवा म्हणणारे ४७. सहा टक्क्यांनी मागे म्हणजे संपलं, असंच मला वाटलं.

पण सिएटलमध्ये शेवटच्या दिवसांत टाकलेली मतं डावीकडे झुकतात, हे तिथल्या लोकांना माहीत होतं. रोज आकडे येत गेले आणि अंतर कमी होत गेलं. शुक्रवारी सावंत पुढे गेल्या. १७ डिसेंबरला निकाल अधिकृत झाला तो ३१० मतांनी.

आणि एकूण मतं? ४१ हजार. म्हणजे डिसेंबरच्या थंडीतसुद्धा जवळपास २०१९ इतकंच मतदान झालं. दोन्ही बाजूंनी मिळून दहा लाख डॉलरहून जास्त पैसा ओतला, दारोदार फिरले, तेव्हा हे घडलं. एका वॉर्डासाठी!

३१० मतांचं पुढे काय झालं

सावंत राहिल्या. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिएटल सिटी कौन्सिलने त्यांनी मांडलेला एक ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर केला. जातीवरून भेदभाव करायला शहरात कायद्याने बंदी. अमेरिकेतलं असं करणारं सिएटल हे पहिलं शहर. तिथल्या भारतीयांमध्येच त्यावरून दोन तट पडले. काहींना तो फार मोठा आधार वाटला, काहींना वाटलं आपल्याकडे विनाकारण बोट दाखवलं. तो वाद आज नको. पण तुम्ही कुठल्याही तटात असा, हा कायदा झाला तो त्या ३१० मतांमुळे, हे तर खरंच. जात हा शब्द इतक्या लांबच्या शहराच्या कायद्यात लिहिला जाईल, ह्याची कल्पना डिसेंबर २०२१ मध्ये मत देणाऱ्यांना नव्हती. सावंत ह्यांनी पुढची निवडणूक लढवली नाही, जानेवारी २०२४ मध्ये त्या पदावरून बाहेर पडल्या. त्यांच्या इच्छेने, मुदत संपल्यावर.

सिएटलचा जुना इतिहास काढलात तर रिकॉल कोणाच्या बाजूचं हत्यार आहे हे सांगता येत नाही. १९११ मध्ये तिथल्या लोकांनी महापौर हायरम गिल ह्यांना काढलं, कारण शहरात पोलिसांच्या आशीर्वादाने जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने चालत होते. वॉशिंग्टनमध्ये बायकांना मताधिकार त्याआधी जेमतेम तीन महिने मिळाला होता, आणि त्यांनी तो तिथे वापरला. (तेच गिल १९१४ मध्ये परत महापौर म्हणून निवडून आले, हेही सांगायला हवं.) १९३१ मध्ये महापौर फ्रँक एडवर्ड्स ह्यांनी शहराच्या सार्वजनिक वीज कंपनीच्या लोकप्रिय प्रमुखाला काढून टाकलं, तर लोकांनी महापौरांनाच काढलं आणि त्या प्रमुखाला परत आणलं. इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात.

पण १९१८ मध्ये ॲना लुईस स्ट्राँग ह्यांनाही काढलं. त्या शहराच्या स्कूल बोर्डावर होत्या. पहिल्या महायुद्धाला त्यांचा विरोध होता, आणि तेव्हा हवा युद्धाची होती. त्यांचं शाळांचं काम कोणी बघितलं नाही. म्हणजे हे दार भ्रष्ट माणसासाठी उघडतं, तसंच अल्पमतात असलेल्या माणसासाठीही उघडतं. बाहेरून बघून ओळखता येत नाही.

आता आपल्याकडे

हे सगळं आज का सांगतेय? कारण आमच्या भागात सध्या एक निवेदन फिरतंय. आमच्या मजल्यावरचे काका घेऊन फिरतात. मागणी अशी की महाराष्ट्र सरकारने कायदा करून मतदारांना नगरसेवक परत बोलावण्याचा अधिकार द्यावा. एकच पान आहे. काका माझ्याकडे आले, म्हणाले, तू इंजिनिअर आहेस, तुला पटेल, कर सही. काकांचा राग खोटा नाही. रस्ता खोदून ठेवलाय, पाणी टँकरने येतंय, आणि फोन उचलायला कोणी नाही.

मी कागद दोन दिवस ठेवून घेतला. आणि वाचायला बसले की आपल्याकडे ह्यातलं काय आहे.

तर आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. मध्य प्रदेशात नगराध्यक्षाला परत बोलावण्याची तरतूद आली. तिथे मतदारांसमोर दोन चिन्हं ठेवत, 'भरी कुर्सी' आणि 'खाली कुर्सी'. ठेवायचं असेल तर भरलेल्या खुर्चीवर शिक्का, काढायचं तर रिकाम्या. छत्तीसगडमध्ये २००८ साली तीन नगराध्यक्षांना मतदारांनी असं घरी पाठवलं. पण तिथे किल्ली कोणाच्या हातात होती बघा. प्रक्रिया सुरू करायला तीन-चतुर्थांश नगरसेवकांच्या सह्या लागत. नागरिकांच्या नाही. म्हणजे नगरसेवकांचं अध्यक्षाशी बिनसलं, तरच लोकांना विचारायचं.

आपल्या महाराष्ट्रातही, थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचावर अविश्वास ठराव आणायचा तर आधी तीन-चतुर्थांश ग्रामपंचायत सदस्य लागतात, आणि मग ग्रामसभेत गुप्त मतदान. तिथेही पहिलं दार सदस्यांच्या हातात.

आणि पुण्यासारख्या महापालिकेत? इथे तर प्रश्न आणखी वेगळा. २०१७ मध्ये पुण्यात १६२ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडले गेले. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. म्हणजे माझा रस्ता खोदलेला असेल तर चारांपैकी कोणाला परत बोलवायचं? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. २५ टक्के सह्या कुठल्या मतांच्या? महापौर थेट लोकांनी निवडलेला नसतो. आणि रोजचा कारभार, निविदा, कंत्राटं आयुक्तांच्या सहीने चालतात. आयुक्त राज्य सरकार नेमतं. त्यांना परत बोलावणार कोण?

त्याहून पुढचं सांगते. मार्च २०२२ मध्ये पुणे आणि मुंबई दोन्ही महापालिकांची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षं उलटून गेली तरी निवडणूक झाली नव्हती. प्रशासक कारभार बघत होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. ह्या काळात आमच्या भागात परत बोलावायला नगरसेवकच नव्हता! परत बोलावण्याचा अधिकार मागायच्या आधी, वेळेवर पाठवण्याचा अधिकार तरी हवा ना?

मी काकांना काय लिहून दिलं

आपल्या कामात रोलबॅक असतो. नवीन व्हर्जन बिघडलं की जुन्यावर परत जायचं. मोठ्या टीममध्ये हे आधी लिहून ठेवलेलं असतं : कुठल्या परिस्थितीत रोलबॅक, कोणाला अधिकार, किती वेळात. रात्री दोन वाजता सर्व्हर पडलेला असताना हे ठरवायला बसलात तर मारामारी होते. रिकॉलचंही तेच. पण एक मोठा फरक आहे. रोलबॅक केल्यावर आपल्याला जुनं, चालणारं व्हर्जन मिळतं. रिकॉल केल्यावर मिळते रिकामी खुर्ची. सिएटलमध्ये सावंत हरल्या असत्या तर ती जागा उरलेल्या कौन्सिल सदस्यांनी भरली असती. पुढे कोण बसणार हे मतपत्रिकेवर नव्हतंच.

म्हणून मी काकांच्या निवेदनाखाली तीन मुद्दे लिहून दिले.

एक. कारण लेखी हवं, आणि ते पदावरच्या वागणुकीशी संबंधित हवं. काम आवडलं नाही, पक्ष बदलला, भाषण पटलं नाही, ह्यासाठी पुढची निवडणूक. तपासणाऱ्यावर संशय येणार, हे सिएटलमध्ये दिसलंच. तरी मला कारण हवं. न्यायालयाने कारणासह निकाल दिला तर तो वाचता येतो, त्यावर भांडता येतं. कारणच नसेल तर भांडणार कशावर? मग ज्याच्याकडे सह्या जमवायला माणसं आणि पैसा, त्याचा कायदा.

दोन. सुरुवात नागरिकांच्या सह्यांनी व्हावी, नगरसेवकांच्या नव्हे. आणि मतदानाची तारीख सह्या जमवणाऱ्यांच्या हातात नसावी. जवळ दुसरी निवडणूक असेल तर तिच्याबरोबरच घ्या.

तीन. एका जागेला एक नगरसेवक असा प्रभाग, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक. हे नसेल तर वरच्या दोन्हींचा काही उपयोग नाही. खरं म्हणजे हाच पहिला मुद्दा असायला हवा.

काका वाचून म्हणाले, "अगं, एवढं कोण वाचणार? लोकांना सही करायची असते." मी म्हटलं, काका, सिएटलमध्ये दहा हजार सातशे सह्या लागल्या, आणि निकाल ३१० मतांवर लागला. तो निकाल ह्या बारीक अक्षरातल्या कलमांवर लागला. कारण काय लागतं, सही कोणाची, तारीख कुठली. आपण ती कलमं लिहिली नाहीत तर दुसरं कोणीतरी लिहील, आणि ते आपल्या सोयीने लिहिणार नाही.

काकांनी कागद परत नेलाय. तिसरा मुद्दा वर घ्यायला तयार आहेत, पहिल्यावर अजून वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, काम न करणं हेच पुरेसं कारण. मी अजून सही केलेली नाही. तीन मुद्दे आले तर करणार, आणि मग काकांबरोबर दारोदार फिरायलाही जाणार.

तुमच्या भागात असं काही निवेदन फिरत असेल, तर सही करण्याआधी मागचं पान बघा. मागे काही लिहिलेलंच नसेल तर काय लिहायला हवं ते आम्हाला कळवा. आणि 'काम न करणं' हे कारण धरावं की नाही, ह्यावर तुम्ही काकांच्या बाजूचे की माझ्या, तेही सांगा. काका हा भाग ऐकणार आहेत. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.